बहात्तर सैनिक आणि एक कमी झेंडा

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी तो इथे लिहून देतोय. विषय जरा वेगळा आहे: इंचभर उंचीचे सैनिक रंगवणं.

टेबलटॉप वॉरगेम म्हणजे मोठ्या टेबलावर जुनी लढाई पुन्हा खेळणं. टेकड्या, शेतं, घरं मांडायची, टेप लावून सैन्य हलवायचं आणि गोळी लागली की नाही हे फासे टाकून ठरवायचं. २०१९ मध्ये ग्लासगोला वॉटर्लूची लढाई अशी खेळली गेली, तेव्हा टेबलांवर वीस हजारांहून जास्त सैनिक होते! आमचं प्रकरण छोटं होतं. आठ मित्र, बंगळुरूतला एक हॉल आणि सुमारे सहाशे सैनिक. लढाई मात्र तीच, १८ जून १८१५ ची, नेपोलियनची शेवटची. माझ्या वाट्याला आली ब्रिटिश जनरल हॉल्केटची ब्रिगेड. ३०, ३३, ६९ आणि ७३ नंबरच्या चार पलटणी, प्रत्येकी १८ सैनिक. एकूण ७२. हातात सहा आठवडे.

पहिल्या सैनिकाला मी पाच तास दिले. डोळे, बटणं, बंदुकीचा पट्टा, सगळं. मग गुणाकार केला: ३६० तास. नोकरी सांभाळून? शक्यच नव्हतं.

तेव्हा एक गोष्ट कळली. मोठ्या खेळासाठी आपण एक सैनिक नाही, सैन्य रंगवत असतो. बघणारा तीन फुटांवर उभा असतो. त्याला डोळ्यातली बुबुळं दिसत नाहीत. त्याला दिसतात लाल कोट, छातीवरचे पांढरे पट्टे, चेहरा आणि पायाखालची जमीन. या चार गोष्टी नीट झाल्या की काम झालं.

मग पद्धत बदलली. आइस्क्रीमच्या काडीवर सहा-सहा सैनिक चिकटवायचे. आधी सगळ्यांचे कोट, मग सगळ्यांच्या राखाडी पँट, मग काळ्या टोप्या. शेवटचा होईपर्यंत पहिला वाळलेला असतो, त्यामुळे थांबावं लागत नाही. पट्ट्यांना थेट पांढरा लावू नका, आधी फिकट राखाडी द्या. त्यावर पांढरा एकाच हातात बसतो. सगळ्यात शेवटी वॉश, म्हणजे अगदी पातळ गडद रंग. तो खाचांमध्ये उतरतो आणि सावली आपोआप तयार होते. निम्मी जादू त्याचीच.

आता माझी फजिती. जुलै महिना, पुण्यातला पाऊस आणि मी बाल्कनीत स्प्रे प्रायमर मारतोय! हवेत एवढा दमटपणा असला की प्रायमर गुळगुळीत बसत नाही. बारा सैनिक साखरेत घोळवल्यासारखे खरखरीत झाले. आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये बुडवून, जुन्या टूथब्रशने घासून दोन रात्री त्यांची अंघोळ चालली होती. तेव्हा पावसाळ्यात प्रायमर ब्रशनेच लावा.

पण सगळंच 'चालतंय की' म्हणून सोडता येत नाही. ब्रिटिश पलटणींचे कोट लाल, पण कॉलर आणि बाह्यांची टोकं वेगवेगळ्या रंगाची. ३० ची फिकट पिवळी, ६९ ची हिरवी, ७३ ची गडद हिरवी आणि ३३ ची लालच. या ३३ चा कमांडर कधीकाळी खुद्द वेलिंग्टन होता. हो, १८०३ मध्ये आपल्या जालना जिल्ह्यात असईला शिंदे-भोसल्यांशी लढलेला वेलस्ली तो हाच.

प्रत्येक पलटणीला दोन झेंडे: एक राजाचा, एक पलटणीचा. मी आठही झेंडे चिकटवून गटावर फोटो टाकला. लगेच एका मित्राचा मेसेज आला, "६९ चा राजाचा झेंडा काढ."

वॉटर्लूच्या दोनच दिवस आधी, १६ जूनला, कात्र ब्रा इथे फ्रेंच घोडदळाने ६९ नंबरच्या पलटणीला उघड्यावर गाठलं होतं. पलटण चौकोन करून उभी नव्हती. माणसं कापली गेली आणि राजाचा झेंडा फ्रेंचांनी नेला. त्या ब्रिगेडचं इतकं नुकसान झालं होतं, की वॉटर्लूला ३३ आणि ६९ ने मिळून एकच चौकोन केला.

मी झेंडा काढला. हिरवा तेवढा राहिला. दुसरा निशाणवाला रिकामी काठी धरून काय करणार, म्हणून ती कापून त्याला रांगेत उभा केला. आमच्या खेळात एक सैनिक म्हणजे साधारण तीस माणसं. तोवर मी ७२ हा फक्त आकडा म्हणून मोजत होतो. त्या रात्री पहिल्यांदा तीसने गुणून पाहिलं.

खेळाच्या दिवशी एकाही सैनिकाला डोळे नव्हते आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. पण टेबलाशी आलेल्या एका मुलीने विचारलं, "यांचा एक झेंडा कमी का आहे?" मग खेळ दहा मिनिटं थांबला आणि मी कात्र ब्राची गोष्ट सांगितली.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर सहाच सैनिक घ्या. डोळे सोडा, बटणं सोडा. पण ते कोण होते, हे आधी वाचा. भेटू पुढच्या भागात!