हिरवा फ्लॅश! ओढ्यावरची सुपरस्टार टाचणी

सह्याद्रीतला खळाळता ओढा. मधल्या दगडावर एक तपकिरी किडा, अगदी साधासुधा. आणि तेवढ्यात... चमक! झगझगीत हिरवी! डोळे चोळेपर्यंत पुन्हा तपकिरी. अभिनंदन, तुम्हाला ‘स्ट्रीम ग्लोरी’ दिसली!

माहीत आहे का? या हिरव्या पंखात हिरवा रंगच नाही! मागच्या पंखांच्या पापुद्र्यात अतिसूक्ष्म थर एकावर एक रचलेले असतात. ऊन पडलं की त्यांच्यावरून परतणाऱ्या प्रकाशातला हिरवा तेवढा उठून येतो. साबणाच्या फुग्यावर रंग खेळतात ना, तीच करामत. कोन बदला, हिरवा निळसर होतो! 2004 मध्ये ब्रिटिश संशोधकांनी हे थर उलगडून दाखवले. मला विचाराल तर नॅनोटेक्नॉलॉजीचा पहिला पुरस्कार हिलाच द्यायला हवा.

पुढचे पंख? पारदर्शक. मागच्यांची खालची बाजू? तपकिरी. म्हणजे पंख मिटले की लाइट ऑफ, उघडले की शो ऑन!

आणि हो, ही चतुर नव्हे, टाचणी. बसल्यावर पंख पसरून ठेवतो तो चतुर. पाठीवर मिटते ती बहुतेकदा टाचणी. ओळखायला इतकी ‘चतुराई’ पुरे!

हा सगळा झगमगाट फक्त नराचा. मादीचे पंख फिकट पिवळसर, त्यांवर नाजूक पांढरे ठिपके. नर ओढ्यातला मोक्याचा दगड पकडतो, पंख उघडतो, मिटतो. मादीला ‘हाय’, प्रतिस्पर्ध्याला ‘बाय’!

माहीत आहे का, हिचं बालपण पाण्याखाली जातं? शेपटीशी कल्ले, तोंडाशी झटकन पुढे फेकला जाणारा जबडा. भक्ष्य समोर आलं की खल्लास! कोष वगैरे भानगड नाही. पिल्लू पाण्याबाहेर येतं, कात टाकतं, थेट पंख!

आता जरा स्पायसी. हिच्याच कुळातल्या एका अमेरिकन टाचणीचा नर मीलनादरम्यान, स्वतःचं वीर्य सोडण्याआधी, मादीच्या शरीरातलं आधीच्या नराचं वीर्य चक्क खरवडून काढतो. 1979 मध्ये जोनाथन वागे यांनी हे दाखवलं आणि कीटकशास्त्रात खळबळ उडाली.

वय? टाचणीचं नाही, नावाचं! वैज्ञानिक नाव निसर्गशास्त्रज्ञ लिनियसनं 1758 मध्येच दिलेलं. पत्ता मात्र लांबलचक: भारतापासून चीन आणि आग्नेय आशियापर्यंत. आपल्याकडे पश्चिम घाटातले, गोव्यातले डोंगरओढे आणि व्हाळ. पाणी वाहतं हवं, स्वच्छ हवं, काठाला झाडी हवी. बंधाऱ्यानं वाहणं थांबलं किंवा साबण-प्लास्टिक आलं की हिचं बिऱ्हाड धोक्यात. म्हणून सहलीला गेलात तर ओढ्यात भांडी घासू नका, प्लीज!

फोटो हवाय? ऊन चढू द्या, दगडापासून लांब बसा आणि कॅमेरा बर्स्ट मोडवर ठेवा. मिटलेल्या पंखांचे फोटो ढीगभर मिळतील. उघडलेल्यांचा एक मिळाला, तरी पार्टी तुमच्याकडून!