गाठ काढली, विषाणूचे काय?

यकृतातील कर्करोगाची गाठ शस्त्रक्रियेने निघाली की रुग्णाचे कुटुंबीय सुटकेचा निःश्वास टाकतात. मात्र हा कर्करोग हिपॅटायटिस बी या विषाणूच्या जुनाट संसर्गातून उद्भवला असेल, तर दुखण्याचे मूळ जागच्या जागीच असते. उरलेल्या यकृतातील पेशींच्या केंद्रकात विषाणूचा डीएनए ठाण मांडून बसलेला असतो. त्यापासून नवे विषाणू निर्माण होतात, दाह धुमसत राहतो आणि काही वर्षांनी दुसरी गाठ उद्भवते.

मग विषाणूरोधक औषधे दिली तर? या प्रश्नाचे महत्त्वाचे उत्तर तैवानमधून आले. तेथे हिपॅटायटिस बीचे प्रमाण फार मोठे. नवजात बालकांचे लसीकरण १९८४ मध्ये सुरू झाले, पण आधीच बाधित झालेल्या पिढीला त्याचा उपयोग नव्हता. तेथील राष्ट्रीय आरोग्य विम्याच्या नोंदींमधून शस्त्रक्रिया झालेल्या ४,५६९ रुग्णांचा अभ्यास संशोधकांनी केला. तो २०१२ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सहा वर्षांत कर्करोग उलटण्याचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत ४५.६ टक्के, तर न घेणाऱ्यांत ५४.६ टक्के होते. मृत्यूचे प्रमाण अनुक्रमे २९.० आणि ४२.४ टक्के.

मृत्यूंमधील तफावत अधिक मोठी आहे, हे लक्षणीय होय. विषाणू आटोक्यात राहिल्याने यकृताची कार्यक्षमता टिकते. त्यामुळे कर्करोग उलटला तरी पुढील उपचार सोसण्याची ताकद रुग्णात उरते. हा अभ्यास नोंदींवर आधारलेला होता. कोणाला औषध द्यावे हे चिठ्ठ्या टाकून ठरलेले नव्हते. तथापि, औषध घेणाऱ्या गटात सिरोसिसचे रुग्ण उलट अधिक होते. पुढे चीनमध्ये रीतसर चाचण्या झाल्या, त्यांचा कौलही याच बाजूने पडला.

या औषधांना मर्यादा आहेत. शस्त्रक्रियेपूर्वीच इतरत्र पसरलेल्या कर्करोगाच्या सूक्ष्म पेशींवर त्यांचा थेट परिणाम होत नाही. पहिल्या दोन वर्षांत उलटणारा कर्करोग बहुधा अशाच पेशींतून येतो. म्हणून ठराविक काळाने सोनोग्राफी, सीटी स्कॅन वा एमआरआय चुकत नाही.

एन्टेकॅव्हिर वा टेनोफोव्हिरची रोजची गोळी विषाणूची वाढ रोखते, परंतु केंद्रकातील डीएनए पुसून टाकत नाही. त्यामुळे ती वर्षानुवर्षे घ्यावी लागते. बरे वाटते म्हणून परस्पर बंद केल्यास विषाणू उसळी घेतो, आणि आधीच अर्धेमुर्धे उरलेल्या यकृताला तो दाह झेपेलच असे नाही. भारतात २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात या तपासण्या व औषधे मोफत देण्याची तरतूद आहे.