गावाची खोली मुंबईत!

मुलांनो, समजा उद्या तुम्हाला एकट्यानंच परक्या शहरात राहायला जायचं आहे. खिशात थोडेच पैसे, तिथली भाषा नीट येत नाही, नोकरीचाही पत्ता नाही. सोबत काय न्याल? कपडे, पांघरूण, फराळाचा डबा? ते तर हवंच. पण त्याहून उपयोगी पडते ती ओळख!

शंभर वर्षांपूर्वी गोव्याहून मुंबईला येणाऱ्या तरुणांना हे पक्कं ठाऊक होतं. तेव्हा मुंबईवर इंग्रजांचं राज्य होतं आणि गोव्यावर पोर्तुगीजांचं. गोवा मुक्त झाला तो 1961 साली. म्हणजे तोवर हा प्रवास चक्क परमुलखातला होता, बरं का! कुणी खलाशी व्हायला येई, कुणी आचारी, कुणी शिंपी, तर कुणी वादक. पण आल्या आल्या पाठ टेकायची कुठं?

त्यासाठी होती 'कूड'. कोकणीत कूड म्हणजे खोली. एकेका गावच्या लोकांनी मिळून धोबी तलाव, माझगाव अशा भागांत आपापल्या गावासाठी जागा घेतली. भाडं अगदी थोडं. भिंतीलगत प्रत्येकाची पेटी, झोपायला चटई. संध्याकाळी सगळ्यांची एकत्र प्रार्थना आणि वर्षातून एकदा गावच्या संताचा सण.

पण कुडीचा फायदा नुसता छपरापुरता नव्हता. बोटीवरून परतलेला खलाशी कुठं माणसं हवी आहेत ते सांगे. नवख्याला शहराच्या वाटा दाखवायला जुनी माणसं असत. गैरवागणूक केली तर बातमी थेट गावात पोचणार, म्हणून एकमेकांवर विश्वासही टाकता येई. गावाकडची भाषा आणि करमणूकही इथं टिकली. कोकणीतलं पहिलं तियात्र, म्हणजे गाण्यांनी भरलेलं नाटक, रंगलं ते गोव्यात नव्हे, तर मुंबईत, 17 एप्रिल 1892 रोजी!

मात्र एक उणीव होती. कुडीचं दार फक्त आपल्या गावच्या पुरुषांसाठी उघडं असे. शहरात पुढं जायचं, तर बाहेरच्यांशीही ओळख हवी. गोव्यातल्या माजोर्डा गावचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांचंच पाहा ना. ते मुंबईत हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवू लागले. त्यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवलं. पुढं प्यारेलाल मोठे संगीतकार झाले आणि 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यातून आपल्या गुरूचं नाव घरोघरी पोचलं. गोव्याचा वादक आणि मुंबईचा विद्यार्थी, दोघांचाही फायदाच झाला की!

काही कुडी मुंबईत आजही आहेत. पण मला आठवण होते ती आपल्या वर्गाची. जून महिन्यात परगावाहून, परराज्यातून एखादा मुलगा किंवा मुलगी येते. शेवटच्या बाकावर गप्प बसते. तिला पाण्याचा नळ कुठं आहे हे माहीत नसतं, आणि विचारायची लाज वाटते. अशा वेळी तिच्या शेजारी जाऊन बसा. मधल्या सुट्टीत खेळायला बोलवा. तिच्या भाषेतले चार शब्दही शिकून घ्या.

आणि पालकांनो, त्या मुलीच्या आईलाही दवाखाना कुठला, रेशन दुकान कुठं, हे कुणीतरी सांगायला हवं असतं. ते आपणच सांगूया ना!