सावेडीतून विमान पकडण्याआधी

परदेशातल्या एखाद्या अंधशाळेत दोन-चार आठवडे स्वयंसेवक म्हणून राहायचं, खर्च आपला आपण करायचा, मुलांना काही शिकवून परत यायचं, ही कल्पना आता आपल्याकडच्या तरुणांनाही खुणावते. हेतू चांगलाच असतो. पण अंध विद्यार्थ्याचं नेमकं कुठे अडतं हे पाहिलं, तर नगरच्या सावेडीतल्या माणसाला त्यासाठी पासपोर्ट लागू नये. पाटीवर कागद अडकवून उजवीकडून डावीकडे टोचत जायचं, पान उलटलं की उठाव डावीकडून वाचता येतात, हे ब्रेल शिकवायला प्रशिक्षित शिक्षक लागतो. पाहुण्याचं ते काम नव्हे. अडचण पुढे, कॉलेजात सुरू होते. तिथे ब्रेल पुस्तकं क्वचितच मिळतात आणि मुलं मोबाइलवरच्या स्क्रीन-वाचकावर विसंबतात. नोट्स श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये असल्या की तो वाचक अगम्य काहीतरी बडबडतो, पानाचा नुसता फोटो असला की गप्प बसतो. मग कुणीतरी ते पान युनिकोडमध्ये टाइप करायचं किंवा वाचून द्यायचं. वाचणं म्हणजे पाठ म्हटल्यासारखं नाही. तक्ता आला की आधी रकान्यांची नावं, मग एकेक ओळ. आलेख आला की आधी दोन्ही अक्ष आणि त्यांचं प्रमाण, रेषा कुठे चढते ते नंतर. 'दिन'मधली वेलांटी पहिली की दुसरी, हेही न विचारता सांगायचं. परदेशातून आलेला आणि मराठी न येणारा स्वयंसेवक इथे काय करणार? तिकडे गेलेल्या आपल्या तरुणाचंही तेच.

यावर कुणी म्हणेल, या क्षेत्रातलं ज्ञान परदेशातूनच आलं. खरंच आहे. ब्रेल फ्रान्सचं. एनव्हीडीए हा संगणकावरचा मोफत स्क्रीन-वाचक २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणाने सुरू केला, पुढे दुसरा अंध मित्र त्याला येऊन मिळाला. त्यासाठी दोघांना नगरला यावं लागलं नाही. जे आले त्यांची गोष्ट वेगळी. ॲना मिलार्ड यांनी १९०० साली मुंबईत अंधांची शाळा काढली, ती दादरला आजही चालू आहे. त्या ज्या अमेरिकन मराठी मिशनच्या, त्याने नगरला १८३१ मध्येच बस्तान बसवलं होतं आणि १८४२ मध्ये इथूनच 'ज्ञानोदय' हे नियतकालिक काढलं. धर्मप्रसाराचा हेतू कुणाला पटो न पटो, ती मंडळी मराठीत काम करत होती आणि मुक्कामाला आली होती. चार आठवड्यांच्या सहलीला त्यांचा दाखला देता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: शेजारी हवे तेव्हा मिळत नाहीत. परीक्षेत उत्तरं लिहून देणाऱ्या लेखनिकाच्या बाबतीत तर नियमच आडवा येतो. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी तासाला किमान वीस मिनिटं जादा दिली, पण विद्यार्थ्याने स्वतः आणलेला लेखनिक एक पायरी कमी शिकलेला हवा, अशी अट घातली. म्हणजे सावेडीतले निवृत्त मास्तर बाद. राहिली खालच्या वर्गातली मुलं, आणि त्यांचे पालक म्हणतात, आमच्याही परीक्षा तोंडावर आहेत. परदेशी पदवीधर याच नियमाने बाद होतो, हे मात्र लक्षात घ्यावं. मास्तरांना वाचक व्हायला कुणी अडवलेलं नाही. अनामप्रेमसारखी संस्था नगरमध्येच दिव्यांग मुलांच्या शिक्षणासाठी काम करते. तिथे किंवा जवळच्या कॉलेजात विचारायचं, आठवड्याचा एक वार ठरवायचा आणि तो वर्षभर चुकवायचा नाही. लेखनिकांची यादी मात्र शाळांनी जूनमध्येच करायला हवी. फेब्रुवारीत धावाधाव करून जो मिळतो त्याला कधीकधी प्रमेय ऐकून लिहिता येत नाही, आणि गुण जातात ते सांगणाऱ्याचे.