शाखा (आवृत्ती नियंत्रण)

शाखा म्हणजे आवृत्ती नियंत्रण प्रणालीत ठेवलेल्या आज्ञावलीच्या विकासाची स्वतंत्र धारा होय. प्रोग्रामरांच्या रोजच्या बोलण्यात तिला ब्रँच म्हणतात. वापरात असलेल्या आज्ञावलीला धक्का न लावता नवी सोय तयार करणे, दोष दुरुस्त करणे किंवा जुनी आवृत्ती सांभाळणे यासाठी शाखा काढली जाते.

स्वरूप

सबव्हर्जन या प्रणालीत शाखा ही निर्देशिकेची प्रत असते. २००८ मधील १.५ या आवृत्तीपूर्वी कोणते बदल विलीन झाले याची नोंद वापरकर्त्यालाच ठेवावी लागे. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स कर्नलसाठी तयार केलेल्या गिटमध्ये शाखा म्हणजे एका कमिटकडे निर्देश करणारे केवळ एक नाव असते. नवी कमिट झाली की ते नाव पुढे सरकते. त्यामुळे शाखा काढणे क्षणाचे काम झाले. ती पुन्हा मूळ धारेत आणणे मात्र तितके सोपे नाही.

विलीनीकरण

विलीन करताना गिट दोन्ही शाखांची टोके त्यांच्या सामाईक पूर्वजाशी ताडून पाहते. एकच ओळ दोन्हीकडे वेगवेगळ्या प्रकारे बदलली असेल तर निर्णय माणसावर सोपवला जातो. एकमेकांपासून दूरच्या ओळींतील बदल विनातक्रार जोडले जातात, मग त्यांचे अर्थ परस्परविरोधी का असेनात. म्हणून विलीनीकरणानंतरची चाचणी टाळता येत नाही.

दीर्घकाळ वेगळ्या राहिलेल्या शाखा

ग्राहकागणिक कायमची शाखा ठेवण्याची पद्धत सर्वांत त्रासदायक ठरते. समजा, एकच हिशोब-प्रणाली जळगाव जिल्ह्यातील रावेरच्या केळी व्यापाऱ्यासाठी आणि धुळे जिल्ह्यातील दोंडाईच्याच्या मिरची व्यापाऱ्यासाठी दोन शाखांत विभागली. हमाली व तोलाईच्या वजावटीतील चूक रावेरच्या शाखेत दुरुस्त झाली, पण तो बदल दुसऱ्या शाखेत नेण्याचे राहिले, तर दोंडाईच्याच्या शेतकऱ्याच्या हिशोबपट्टीत रक्कम कमीच येत राहील आणि प्रणाली त्याबद्दल कोणतीही सूचना देणार नाही. चेरी-पिक या आज्ञेने एकच कमिट दुसऱ्या शाखेत नेता येते. ते आठवणीने करावे लागते, हीच त्यातील अडचण. मालागणिक बदलणारे नियम आज्ञावलीतच पर्याय म्हणून ठेवले, तर दुरुस्ती एकदाच करावी लागते.

देवनागरी अक्षरसंचांतही असाच प्रश्न उद्भवला होता. लोहित या मुक्त अक्षरसंचाच्या मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी अशा वेगळ्या फायली होत्या. बहुतेक अक्षरे सारखीच असूनही एखाद्या जोडाक्षराची दुरुस्ती प्रत्येक फाइलीत करावी लागे. पुढे त्या लोहित देवनागरी या एकाच अक्षरसंचात एकत्र करण्यात आल्या. मराठी वळणाचे ल आणि श यांसारखे फरक दाखवण्यासाठी ओपनटाइप अक्षरसंचांत भाषेनुसार अक्षररूप बदलण्याची सोय असते, त्यामुळे तेवढ्यासाठी स्वतंत्र फाइल ठेवावी लागत नाही.