घारीचा पंख आणि एका मुलाचा प्रश्न

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सातवीतला एक विद्यार्थी उशिरा आला. हातात पुठ्ठ्याचा खोका, त्यावर अम्मीची जुनी ओढणी. आत घार होती. झाडात अडकलेल्या मांज्याने तिचा उजवा पंख चिरला होता. आमच्या तोंडून निघालेले पहिले वाक्य सांगायला आज लाज वाटते, "हे काय आणलंस? बाहेर ठेव आणि वर्गात बस."

तो बसला नाही. म्हणाला, "सर, अम्मी म्हणते घरात घाण होईल. शाळेतही नको, मग हिला न्यायचं कुठं?"

तेव्हा आम्हाला दिल्लीच्या दोन भावांची आठवण झाली. नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद यांना लहानपणी अशीच एक जखमी घार सापडली होती. पक्ष्यांच्या एका रुग्णालयाने ती मांसाहारी म्हणून घेतली नाही. मुलांच्या मनात ही गोष्ट राहून गेली. पुढे व्यायामाच्या छंदातून स्नायू आणि स्नायुबंधांची जी माहिती मिळाली होती, तिच्या जोरावर त्यांनी घारींवर उपचार सुरू केले. वजीराबादच्या तळघरात, साबणाच्या डिस्पेन्सरच्या धंद्याशेजारी, त्यांनी हजारो पक्षी बरे केले. त्यांच्यावरील 'ऑल दॅट ब्रीद्स' या माहितीपटाला 2022 मध्ये कान महोत्सवात पुरस्कार मिळाला. जुन्या दिल्लीत घारींना सदका म्हणून मांसाचे तुकडे टाकण्याची रीत आहे. तिथल्याच मातीतली ही माणसे.

आम्ही वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन केला. वनरक्षक येईपर्यंत तीन तास गेले. मुलगा खोक्याजवळून हलला नाही. घार तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी मुलाला शाळा सुटल्यावर यायची परवानगी दिली, पण एका अटीवर : पक्ष्याला हात लावायचा नाही. तो कोंबडीचे बारीक तुकडे करी, खालचे कागद बदली, घारीने किती खाल्ले ते वहीत लिही. चौथ्या दिवशी अम्मीनेच खाटकाकडून तुकडे आणून डब्यात भरून दिले.

बाराव्या दिवशी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की पंखाचा स्नायुबंध तुटला आहे, ती आता उडणार नाही. वनविभाग तिला संगोपन केंद्रात ठेवणार होता. परतताना मुलाने विचारले, "सर, त्याच मैदानात मीही नायलॉनचा मांजा उडवला होता. तो माझाच असेल तर?"

"तुझा नसेल," असे म्हणणे सोपे होते. पण त्याच संक्रांतीला आम्हीही आमच्या मुलाला तसलीच फिरकी घेऊन दिली होती. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्येच या मांज्यावर देशभर बंदी घातली आहे, हे ठाऊक असूनही! आम्ही एवढेच म्हणालो, "माझाही असू शकतो."

अबू दाऊदच्या संग्रहात एक हदीस आहे. प्रवासात काही साथीदारांनी एका पक्षिणीची पिल्ले उचलली. ती कासावीस होऊन घिरट्या घालू लागली. पैगंबरांनी (स.) तिला कोणी दुखावले ते विचारले आणि पिल्ले परत ठेवायला लावली. चूक उमगताच ती दुरुस्त करायची, हे आम्ही वर्गात अनेकदा शिकवले होते. त्या दिवशी ते एका मुलाने आम्हाला शिकवले.

दुसऱ्या दिवशी दोन फिरक्या शाळेत जमा झाल्या. एक त्याची, एक आमच्या घरातली. आठवडाभरात आणखी एकोणीस आल्या. मैदानातल्या झाडांवर लोंबणारा, हाताला येईल तेवढा मांजा मुलांनी कापून काढला.

पालकांनो, जखमी शिकारी पक्षी दिसला तर मुलांना त्याच्या नखांपासून दूर ठेवा. मोठ्यांनी जाड कापड टाकून त्याला भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवावे. चोचीत पाणी ओतू नये. जखमेत रुतलेला मांजा ओढू नये, फक्त लोंबता भाग कापावा. घार घरी पाळणे कायद्याने गुन्हा आहे, म्हणून लगेच वनविभागाला कळवा.

आणि मुलगा खोका घेऊन दारात उभा राहिला, तर आमच्यासारखे "बाहेर ठेव" म्हणू नका.