पाहणाऱ्याची साक्ष आणि ऐकणाऱ्याची सोय

खून झाला. एका माणसाने तो डोळ्यांनी पाहिला, पोलिसांना सांगितला, आणि त्याच्यावर कोणीही विश्वास ठेवला नाही. एवढ्याशा कथाबीजावर गेली ऐंशी वर्षे अमेरिकेत आणि इंग्लंडात कथा-कादंबऱ्या लिहिल्या जात आहेत, चित्रपट निघत आहेत. आपल्याकडचा गंभीर वाचक या मनोवैज्ञानिक रहस्यकथेकडे नाक मुरडूनच पाहतो. करमणुकीचा माल, प्रवासात वाचला आणि गाडीतच सोडून दिला. मला मात्र हा प्रकार आपल्या विचाराच्या कक्षेत घ्यावा असा वाटतो. कारण खुनी कोण, हा त्यातला प्रश्न नसतोच. खुनी सुरुवातीलाच दिसून जातो. सांगणाऱ्याचे ऐकले का जात नाही, हा त्यातला प्रश्न असतो. ज्यांची साक्ष धर्मशास्त्राने पिढ्यान्‌पिढ्या मर्यादेत बांधून टाकली होती, त्यांना हा प्रश्न कोणी नव्याने समजावून देण्याची गरज नाही.

या प्रकाराचा सरळ नमुना म्हणून 1954 सालचा ‘विटनेस टू मर्डर’ हा अमेरिकन चित्रपट घेऊ. दिग्दर्शक रॉय रोलंड. बार्बरा स्टॅनविकने केलेली चेरिल ड्रेपर ही लॉस एंजेलिसमध्ये एकटी राहणारी, स्वतः कमावून खाणारी अविवाहित बाई. रात्री वाऱ्याने जाग येते, खिडकी लावायला ती उठते, आणि समोरच्या इमारतीत एक पुरुष एका तरुणीचा गळा आवळताना तिला दिसतो. ती लगेच पोलिसांना फोन करते. पोलीस येईपर्यंत खुन्याने प्रेत शेजारच्या रिकाम्या बिऱ्हाडात सरकवलेले असते. पोलीस त्याच्या घरात नजर टाकतात, तो अदबीने बोलतो, पोलीस परत फिरतात. तुम्हाला स्वप्न पडले असेल, असे बाईला सांगितले जाते.

हा खुनी, जॉर्ज सँडर्सने केलेला आल्बर्ट रिख्टर, विद्वान आहे, ग्रंथकार आहे, श्रीमंत घरच्या स्त्रीशी त्याचे लग्न व्हायचे आहे. पूर्वायुष्यात तो नाझी होता. आता ‘शुद्ध’ होऊन अमेरिकेत प्रतिष्ठित झाला आहे. बाई पुरावा शोधू लागते तसा तो तिच्या घरात शिरून तिच्याच टाइपरायटरवर स्वतःला धमक्यांची पत्रे टाइप करतो आणि ती पोलिसांपुढे ठेवतो. झाले! तक्रार करणारी बाई आरोपी ठरते आणि मनोरुग्णालयात निरीक्षणाखाली ठेवली जाते.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. रिख्टर खुनाविषयी फारसा वादच घालत नाही. तो चर्चेचा विषय बदलतो. खून झाला की नाही, हा प्रश्न बाजूला पडतो आणि ही बाई शहाणी आहे की वेडी, हा प्रश्न पुढे येतो. घटनेची चौकशी थांबते, साक्षीदाराची चौकशी सुरू होते. आपल्या कार्यकर्त्यांपैकी ज्यांनी पोलीस ठाण्यात एखादी फिर्याद नोंदवण्यासाठी दिवस घालवला असेल, त्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल. काय घडले हे विचारण्याआधी तू कोण, तेथे कशाला गेला होतास, तुझे त्यांच्याशी जुने भांडण आहे काय, हे विचारले जाते. टाइपरायटर लागतोच असे नाही.

त्याच 1954 साली आल्फ्रेड हिचकॉकचा ‘रिअर विंडो’ आला आणि तोच जगभर गाजला. त्याचा आधार कॉर्नेल वुलरिचची 1942 सालची एक कथा. येथेही खिडकी आहे, समोरची इमारत आहे, आणि विश्वास न ठेवणारा पोलीस अधिकारी आहे. पण पाहणारा पुरुष आहे, नावाजलेला छायाचित्रकार आहे, आणि तो पोलीस अधिकारी त्याचा जुना मित्र आहे. त्यामुळे शंका घेत घेत का होईना, चौकशी पुन्हा पुन्हा होते. पाय मोडलेला हा गृहस्थ दुर्बीण घेऊन दिवसभर शेजाऱ्यांच्या घरांत डोकावत बसतो, तरी त्याला वेड्यांच्या इस्पितळात न्यावे असे कोणाच्याही मनात येत नाही! दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहिले की अविश्वासाचे प्रमाण पुराव्याच्या प्रमाणात वाढत नाही, सांगणाऱ्याच्या स्थानाप्रमाणे वाढते, हे स्पष्ट होते.

वुलरिचच्याच दुसऱ्या कथेवरचा ‘द विंडो’ हा 1949 सालचा चित्रपट मला या तिघांत अधिक जवळचा वाटतो, कारण तो गरिबांच्या वस्तीतला आहे. न्यूयॉर्कच्या एका चाळवजा इमारतीत उकाड्यामुळे टॉमी नावाचा मुलगा बाहेरच्या लोखंडी जिन्यावर झोपायला जातो आणि वरच्या मजल्यावरचे जोडपे एका माणसाला मारताना पाहतो. टॉमीला थापा मारण्याची सवय. म्हणजे आपली ‘लांडगा आला रे आला’चीच गोष्ट. आईबाप विश्वास ठेवत नाहीत. इतकेच काय, आई त्याला हाताला धरून वर नेते आणि त्या खुनी बाईचीच माफी मागायला लावते. चित्रपटातला सर्वांत भयंकर प्रसंग खुनाचा नाही, हा आहे. आई दुष्ट नाही. गरिबाने शेजाऱ्यांशी वैर घेऊ नये, एवढाच तिचा व्यवहार. पण या व्यवहारामुळे मुलाने काय पाहिले हे खुन्यांना कळते.

अशा कलाकृतींत प्रेक्षकाला एक मोठी सोय करून दिलेली असते. त्याने खून स्वतः पाहिलेला असतो, म्हणून तो पहिल्या क्षणापासून साक्षीदाराच्या बाजूने असतो. पोलिसांचा मूर्खपणा पाहून तो चडफडतो आणि आपण त्या पोलिसासारखे नाही असे समजून घरी जातो. प्रत्यक्षात मात्र आपल्यापैकी बहुतेकांनी काहीही पाहिलेले नसते. आपण त्या पोलिसाच्याच जागी असतो, त्या आईच्याच जागी असतो. दुसरी सोय शेवटाची. प्रेत सापडते किंवा खुनी उंचावरून कोसळतो. वर सांगितलेल्या चित्रपटांपैकी दोहोंत तो कोसळून मरतो. मग सर्वांना पटते. म्हणजे अविश्वास हा गैरसमज होता, पुरावा मिळताच तो दूर झाला, व्यवस्था मुळात चांगलीच होती, असा निष्कर्ष प्रेक्षकाच्या पदरात पडतो.

अलीकडच्या कादंबऱ्या याहून एक पाऊल मागे गेल्या आहेत, असे माझे मत आहे. पॉला हॉकिन्सची ‘द गर्ल ऑन द ट्रेन’ (2015) खूप खपली, तिच्यावर 2016 साली इंग्रजी आणि 2021 साली हिंदी चित्रपट निघाला. ए. जे. फिनची ‘द वुमन इन द विंडो’ 2018 सालची. या दोन्हींतल्या स्त्रिया दारू पितात आणि स्वतःच्या स्मरणावरच त्यांचा भरवसा नसतो. लेखनाचे कसब मान्य केले तरी अविश्वासाचे कारण पुन्हा साक्षीदाराच्याच ठिकाणी शोधले जाते, हे कसे विसरावे? ऐकणाऱ्याकडे कोणी बोट दाखवत नाही.

‘विटनेस टू मर्डर’मधल्या रुग्णालयात एक कृष्णवर्णीय स्त्री रुग्ण दिसते. जुआनिटा मूर या अभिनेत्रीने ती भूमिका केली. चेरिल तेथून सुटून बाहेर येते. या बाईने काय पाहिले होते, तिला येथे कोणी आणले, हे चित्रपट विचारत नाही. तो विचारत नाही म्हणून आपण विचारले पाहिजे. त्यासाठी चित्रपट सोडून त्याच कॅलिफोर्नियाच्या इतिहासात बरोबर शंभर वर्षे मागे जावे लागते.

1853 साली तेथे लिंग सिंग नावाच्या चिनी खाण-कामगाराचा खून झाला. जॉर्ज हॉल या गोऱ्या माणसाला फाशीची शिक्षा झाली, ती चिनी साक्षीदारांच्या साक्षीवरून. 1854 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा रद्द केली. साक्षीदार खोटे बोलले असे न्यायालयाने म्हटले नाही. काळा, मिश्रवर्णीय किंवा इंडियन यांनी गोऱ्या माणसाच्या खटल्यात साक्ष देऊ नये असा तेथे कायदा होता, आणि चिनी माणूस त्यातच मोडतो असे न्यायालयाने ठरवले. त्यासाठी न्यायमूर्तींनी कोलंबसापर्यंत धाव घेतली: आपण आशियाच्या किनाऱ्याला लागलो असे समजून त्याने तेथल्या लोकांना इंडियन म्हटले, सबब आशियाई लोकही इंडियनच! बुद्धी किती राबवावी लागते पाहा, एका प्रत्यक्षदर्शी माणसाला गप्प करण्यासाठी.

आपल्याला यात नवल वाटू नये. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात साक्षीचे नियम आहेत. स्त्रियांसाठी स्त्रियांनी, द्विजांसाठी तशाच द्विजांनी, शूद्रांसाठी शूद्रांनी आणि अंत्यजांसाठी अंत्यजांनी साक्षी व्हावे, अशी वाटणी तेथे करून दिली आहे. अंत्यजाने पाहिलेला ब्राह्मणाचा गुन्हा या वाटणीत कोठे बसतो, ते वाचकांनीच पाहावे. डोळे सर्वांना आहेत. पण कोणाच्या डोळ्यांनी काय पाहायचे हे आधीच ठरलेले.

तरीही कायद्याने दार उघडले की साक्ष आत जाते, असे होत नाही. दलित पँथरने 1972 साली नावच ज्या चळवळीकडून घेतले, त्या अमेरिकन काळ्यांच्या लढ्यातली एक घटना या संदर्भात फार बोलकी आहे. ऑगस्ट 1955, मिसिसिपी राज्य. शिकागोहून नातेवाइकांकडे आलेल्या एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाला रॉय ब्रायंट आणि जे. डब्ल्यू. मायलम या दोन गोऱ्यांनी रात्री घरातून उचलून नेले आणि ठार मारले. खटल्यात मुलाच्या आईच्या मावशीचे यजमान मोझ राइट, दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने राबणारे, वय चौसष्ट, यांनी भर न्यायालयात उभे राहून आरोपींना ओळखले. विली रीड या अठरा वर्षांच्या काळ्या शेतमजुराने मुलाला त्यांच्या गाडीत पाहिल्याचे, गोठ्यातून मारहाणीचे आणि किंकाळ्यांचे आवाज ऐकल्याचे, आणि मायलमला पिस्तुलासह बाहेर येताना पाहिल्याचे सांगितले.

रहस्यकथेच्या नियमाप्रमाणे प्रेत सापडले की सर्वांना पटायला हवे. येथे प्रेत सापडले होते. बोटात बापाची अंगठी होती. आईने मुलाला ओळखले होते. तरी शेरीफने साक्ष दिली की देह इतका कुजलेला आहे की तो कोणाचा ते सांगता येणार नाही. बारा गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीने सदुसष्ट मिनिटांत आरोपींना निर्दोष ठरवले. पुढच्याच वर्षी, 1956 च्या जानेवारीत, दोघांनी एका मासिकाकडून पैसे घेऊन आपण खून केल्याचे सांगितले. एकदा सुटलेल्यावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

राइट आणि रीड यांच्यावर ज्यूरीचा विश्वास बसला नाही, असे म्हणणे म्हणजे त्या बारा जणांना भोळे समजणे होय. साक्ष खरी आहे हे न समजण्याइतके ते अजाण होते असे मला वाटत नाही. ती खरी मानली तर दोन गोऱ्यांना एका काळ्या मुलासाठी शिक्षा द्यावी लागली असती, आणि ती द्यायची नव्हती. येथे मनोविज्ञान संपते. साक्षीदाराचे मन कितीही तपासले तरी या अविश्वासाचे मूळ हाती लागणार नाही.

आपल्या कायद्यात साक्षीदाराची जात विचारलेली नाही. प्रश्न समजून उत्तर देऊ शकणारा कोणीही साक्ष देऊ शकतो, ही 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 118 मधली तरतूद आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 124 मध्ये आहे. अमुक इतके साक्षीदार हवेत असाही नियम नाही. एकाची साक्ष पुरते. पूर्वी नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती असलेले विव्हियन बोस यांनी सर्वोच्च न्यायालयात 1953 साली दलिप सिंग खटल्याच्या निकालात दोन गोष्टी स्वच्छ सांगितल्या. साक्षीदार स्त्रिया आहेत म्हणून त्यांच्या साक्षीला वेगळी पुष्टी हवी, असा नियम नाही. आणि जवळचा नातेवाईक खऱ्या खुन्याला सोडून निरपराध माणसाला गोवील, असे सहसा होत नाही. हे दुसरे विधान प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावे. वस्तीवर हल्ला होतो तेव्हा पाहणारे वस्तीतलेच असतात, मृताचे भाऊ, आई, चुलते. त्यांना ‘हितसंबंधी’ म्हणून बाजूला सारले तर गावातून उरतात ते ‘आम्ही काही पाहिले नाही साहेब’ म्हणणारे.

शिवाय साक्ष अर्धी स्वीकारण्याचाही एक मार्ग असतो. 29 सप्टेंबर 2006 रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत एका दलित कुटुंबातले चौघे मारले गेले. 2008 साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना खुनासाठी दोषी ठरवले, सहांना फाशी सुनावली; 2010 साली उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. खून मान्य झाला. तो जातिद्वेषातून झाला हे मात्र मान्य झाले नाही आणि अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू झाला नाही. चौघे मेले हे खरे, ते का मेले हे खरे नाही!

1989 च्या त्याच कायद्यात पुढे दुरुस्ती होऊन 26 जानेवारी 2016 पासून कलम 15 क अंमलात आले. मूळ इंग्रजी पाठात ते ‘15 ए’ आहे. साक्षीदाराला संरक्षण, प्रवासखर्च आणि निर्वाहखर्च, खटल्याच्या प्रत्येक तारखेची माहिती, कामकाजाचे ध्वनिचित्रमुद्रण हे हक्क त्यात आहेत. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजनेलाही मान्यता दिली. हे हक्क अर्ज करून, पोच घेऊन मागावे लागतात. ते आपण होऊन घरी चालत येत नाहीत. साक्षीदार फितूर झाला म्हणून त्याला दोष देण्यापूर्वी, साक्ष दिल्यानंतर तो कोणाच्या शेतावर मजुरीला जाणार आहे हे विचारावे.

विली रीड साक्ष देऊन मिसिसिपीत राहू शकला नाही. तो शिकागोला पळाला आणि तेथे मनाने पुरता कोसळून इस्पितळात दाखल झाला. पुढे त्याने आडनाव बदलले, विली लुइस या नावाने एका इस्पितळात परिचर म्हणून नोकरी केली. लग्न झाल्यावरही कित्येक वर्षे त्याने बायकोला यातले काही सांगितले नाही. तिला ते कळले एका नातेवाईक बाईकडून. 2013 साली तो वारला.